स्लॅबला घाम येईपर्यंत

अल खर्ज
८ एप्रिल २०१३

प्रिय बाळकृष्ण,

धप्-धप्, धप्. धप्-धप्, धप्.

ओळखलास? फोनवर तुला आता माझं एक अक्षर ऐकू येत नाही, कानातलं मशीन म्हणे नुसतं शिट्ट्या मारतं, म्हणून आवाज कागदावर उतरवून पाठवतो आहे. चौथीचं वर्ष. आपल्या शाळेवर नवा स्लॅब पडला होता आणि वर कोबा चोपत होत्या दहा-बारा बाया, लाकडी चोपण्यांनी, एका लयीत. खाली आपण मांडी घालून बसलेलो आणि गुरुजी म्हणाले, आज गणित होणे नाही, कविता घ्या. मग वरून चोपण्यांचा ठेका आणि खालून नावाड्याची कविता. 'हळू हळू रे नावाड्या, पाण्याला नाही घाई.' आमच्या मोहल्ल्यातली सगळी मुलं उर्दू शाळेत गेली, मला एकट्याला बाबानं मराठी शाळेत घातलं. का, ते कधी कळलं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, बरं केलं.

तिसरं कडवं मात्र गेलं रे डोक्यातून. तुला येतं का?

तुझे वडील, तात्या, त्या स्लॅबचे गवंडी होते. मधल्या सुट्टीत त्यांनी आपल्या दोघांना शिडीवरून वर घेतलं होतं आणि शेजारच्या खोलीवरच्या ओल्या स्लॅबवर झुकून दाखवलं होतं, बघा, याला घाम येतोय. ओतलेल्या काँक्रीटचं पाणी हळूहळू वर येऊन चमकत होतं. घाम येऊ द्यायचा, घाम सुकू द्यायचा, मग रंधा फिरवायचा, मग ओलं गोणपाट पांघरायचं. आधी पांघरलं तर चेहरा खराब होतो, म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर मी इथे तीस वर्षं भाकरी खाल्ली. स्लॅब ओतला की मी साच्याच्या कडेला उभा राहून मनात ती कविता म्हणतो. दोनदा म्हणून झाली की घाम सुकलेला असतो. आमच्या यार्डात, जिथे स्लॅब साच्यांत ओतून गाड्यांनी बाहेर पाठवतात, सगळे म्हणतात, शेबानी, म्हणजे म्हातारबा, दुआ मागतोय. मागू देत.

आता बातमी. निताकात नावाचा नवा कायदा आहे, कंपनीत सौदी माणसं किती यावर कंपनीला रंग मिळतो. आमची पिवळ्यात आहे. पिवळ्यात माझ्यासारख्या जुन्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे सरकत नाही. म्हणून माझ्या जागी फहाद नावाचा एक सौदी तरुण आला आहे आणि त्याला शिकवून मी घरी यायचं असं ठरलं आहे. चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या घरात कुणी कधी सिमेंटला हात लावलेला नाही. वडील म्हणाले म्हणे, आपल्या घरचा मुलगा अजनब्यांबरोबर घमेली उचलणार? तरी आला. मला अम्मी म्हणतो, अरबीत अम्मी म्हणजे काका. मी गोणपाटाचं एक टोक धरतो, तो दुसरं. बारा हात लांबीचं ओलं गोणपाट एकट्याला पसरता येत नाही.

आणि नवीन औषध आलं आहे सिमेंटमध्ये घालायला. निळ्या पिंपांतून येतं, दिसायला थेट दूध. अल खर्जला गुरांचे मोठे गोठे, दुधाच्या गाड्या रस्त्यावरून जात असतात, त्यामुळे पोरांनी त्याचं नाव लबन ठेवलं, म्हणजे ताक. आमचे इंजिनियर आदित्य साने, पुण्याचे, त्यांनी समजावलं. त्यात इतके बारीक कण आहेत की सिमेंटचा कण त्यांच्यापुढे डोंगर. जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या फटीत जशी बारीक माती जाऊन बसते, तसे ते सिमेंटच्या कणांमध्ये जाऊन बसतात, वर स्वतःही चिकटतात. आज ओतलेला ठोकळा उद्या असा खणखणतो की पूर्वी आठवड्यानंही वाजला नसता. हफ्र अल बातिनला एक शाळा होते आहे, तिच्या छताचे स्लॅब आम्ही या लबननं करणार.

शाळेचं छत, बाळ्या. शेवटचं काम शाळेचं छत. पावसाळा सरला की मी आलोच. खैरुन्निसाला सांगितलं आहे. ती म्हणाली, हे मी आधीही ऐकलंय.

तुझा
उस्मान परकार


पांगारी
२७ एप्रिल २०१३

उस्मान,

तुझा धप्-धप् मिळाला. पोस्टमन नसरुद्दीननं पत्र आणून दिलं तेव्हा मी फणसाला टेकून बसलो होतो, वाचता वाचता पाय हलायला लागला. सून म्हणाली, बाबांना मुंग्या आल्या का. तिला काय सांगू.

तिसरं कडवं मलाही येत नाही. मी कवितेत कच्चा, तुला माहीत आहे. तू कविता म्हणायचास आणि मी तुझी गणितं करायचो, तिथेच आपली दोस्ती झाली. आता उगाच रडायला लागू नकोस.

तात्यांचं वाक्य तू बरोबर लिहिलंस. मीही चाळीस वर्षं गवंडीकाम त्यावरच केलं. पण तुझ्या त्या ताकाविषयी एक विचारायचं होतं. कण इतके बारीक आणि सगळ्या फटी बुजवणारे, तर मग पाणी वर येतं कुठून? घामाला भोकं तर हवीत ना अंगाला. मी अडाणी, पण विचारून ठेवतो. तुझ्या पुणेकराला विचार. पुणेकर आहे म्हणजे उत्तर असणारच.

खैरुन्निसावहिनींनी पडवी सारवून घेतली, चुना काढला, तुझ्यासाठी लाकडी आरामखुर्ची दुरुस्तीला दिली. सुतारानं विचारलं, परकार खरंच येतायत का, मग घाई करतो. त्या म्हणाल्या, तू कर घाई, त्यांचं मी बघते.

त्या फहादला नीट शिकव. नाहीतर शिकवतोस कमी आणि स्वप्नं सांगतोस जास्त.

बाळकृष्ण


अल खर्ज
३० मे २०१३

प्रिय बाळकृष्ण,

पत्राला उशीर झाला. मन लागत नव्हतं.

हफ्र अल बातिनच्या शाळेचे पहिले स्लॅब आम्ही या महिन्यात ओतले. फजरच्या नमाजानंतर सुरुवात केली, उन्हाच्या आधी आटपावं म्हणून. त्या दिवशी शमाल होता, उत्तरेचा कोरडा वारा, अंगावरचा घामही जागेवर सुकवणारा. स्लॅब छान बसले. ठोकळे दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दाबले तर आकडे असे आले की आदित्यसाहेबांनी पेढे मागवण्याची भाषा केली. आणि त्याच दुपारी गोणपाटं काढून साचे उघडले तर सगळ्या स्लॅबच्या अंगावर भेगा. उन्हाळ्यात आपल्या तळ्याचा चिखल फुटतो ना, तशा. एकही धड नाही. आत खणखणीत आणि वर फुटलेलं. शाळेवाल्यांच्या माणसानं पाहिलं आणि सगळे नाकारले.

झाकायला उशीर झाला, एवढंच कारण. वाऱ्यानं पाणी ओढून घेतलं. गोणपाटाचं काम फहादकडे होतं, तसं रिपोर्टमध्ये गेलं आहे. मालकांसमोर चौकशी झाली. त्यानं त्या पहाटे ओली करून आणलेली गोणपाटं नीट घडी करून ठेवली आणि निघून गेला. आता त्याला काढणार म्हणतात. तरुण आहे, त्याला दुसरं मिळेल.

आदित्यसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून चहा दिला. म्हणाले, परकारकाका, सौदी माणूस कागदावर दुसरा कुणीतरी दाखवू, तो यार्डात येणारसुद्धा नाही. आम्हाला हिरवा रंग मिळेल, तुमचा इकामा होईल. अजून दोन वर्षं राहा, तुमच्यासारखा हात आता मिळत नाही. काय सांगू, बाळ्या, ते ऐकून बरं वाटलं. इथे मला उठल्यावर कुठे जायचं ते माहीत असतं. तिथे आरामखुर्ची आहे.

मी अजून हो म्हटलेलं नाही. खैरुन्निसाला यातलं काही सांगू नकोस.

रोज पहाटे यार्डात जाऊन उभा राहतो. कविता म्हणायला जातो आणि पहिल्याच ओळीला तोंड बंद होतं. वय झालं, दुसरं काय.

तुझा
उस्मान


पांगारी
१६ जून २०१३

उस्मान,

पत्र तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा काहीतरी टोचलं, तिसऱ्यांदा तुझं एप्रिलचं पत्रही काढून वाचून घेतलं.

एप्रिलमध्ये तू लिहिलंस की गोणपाट एकट्याला पसरता येत नाही, एक टोक तू धरतोस आणि दुसरं तो. मग त्या दिवशी त्याला उशीर झाला तेव्हा तुझं टोक कुठे होतं?

आणि दुसरं. तू म्हणतोस त्या पहाटे ओली करून आणलेली गोणपाटं त्यानं घडी करून ठेवली. म्हणजे वेळेवर तयार होती. हातात होती. गोणपाट ओलं करून हातात घेऊन उभा राहिलेला माणूस उशीर कशाला करेल? त्याला कुणीतरी थांबवलं असणार. यार्डात त्याला थांबवणारं कोण आहे, हे मला पांगारीत बसून कळतं.

मी घामाचं विचारलं होतं, त्याचं तू उत्तर दिलं नाहीस. आता देऊ नकोस. मला कळलं. तुझ्या ताकाच्या स्लॅबला घाम आलाच नाही. येणार नव्हताच. आणि तू तात्यांचं वाक्य धरून त्याची वाट बघत उभा होतास, मनात नावाडी घेऊन, आणि वर वारा सुटलेला. मीही उभा राहिलो असतो, हे आधी सांगतो. तात्याही राहिले असते. त्यांनी शिकवलं ते त्यांच्या सिमेंटचं होतं. त्यात ना तुझी चूक, ना त्यांची. पण त्यानंतर तू जे लिहिलंस ते तुझं आहे.

खैरुन्निसावहिनींना मी काही सांगितलं नाही. त्यांनीच वाचलं. मोतीबिंदूनं मला हल्ली तुझं अक्षर दिसत नाही आणि सून माहेरी गेली होती, म्हणून त्यांच्याकडे नेलं, तू शेवटी काय लिहून ठेवलं आहेस ते मला कुठे ठाऊक. त्यांनी पूर्ण पत्र मोठ्यानं, माझ्या कानाशी ओरडून वाचलं, आरामखुर्चीचं वाक्यही वाचलं. मग पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बाळभावजी, त्यांना लिहा. दोन वर्षं राहायचं तर राहा, मी तीस राहिले तशी राहीन. पण त्या पोराला तिकडे टाकून आलात, तर या खुर्चीवर कोण बसेल ते मला माहीत नाही."

त्या दुसऱ्या मोहल्ल्यातल्या, पण आपल्याच शाळेत एक वर्ग मागे होत्या. तिसरं कडवं त्यांनीच सांगितलं:

वारा फिरला, आवर शीड रे, आता थांबणे नाही.

पुढच्या ओळी त्यांनाही येत नाहीत. तुला नेमकं हेच कडवं विसरायला झालं, उस्मान. मी काही कवितेतला नाही, तू बघ.

बाळकृष्ण


अल खर्ज
१९ जुलै २०१३

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस तुझ्यावर चिडलो. मग रमजान सुरू झाला. रोजा धरून यार्डात उभं राहणं मला जड नाही, तीस वर्षांची सवय आहे. या वेळी जड गेलं. शेवटी चार दिवसांपूर्वी ऑफिसात गेलो.

जे झालं ते असं झालं. पिंपांबरोबर एक कागद आला होता, इंग्रजीत. तो प्रयोगशाळेत गेला, यार्डात आलाच नाही. पण फहादनं स्वतः जाऊन वाचला होता. त्या पहाटे स्लॅब ओतून झाल्याबरोबर तो ओलं गोणपाट घेऊन आला. म्हणाला, अम्मी, हे लगेच झाकायचं, यातून पाणी वर येत नाही. मी म्हटलं, सबर कर. तो म्हणाला, कागदात लिहिलंय. मी हसलो, बाळ्या. म्हटलं, कागद आत्ता आला, मी तीस वर्षांपूर्वी. तो गोणपाट घेऊन उभा राहिला. एकट्याला पसरता येत नाही. त्यानं एक टोक साच्याच्या कोपऱ्याला अडकवून बघितलंही, वाऱ्यानं उडालं. मी दुसरं टोक धरलं नाही. मी स्लॅबकडे बघत होतो, आत्ता चमकेल, आत्ता चमकेल. दोनदा कविता म्हणून झाली. तिसऱ्यांदा म्हटली. स्लॅब कोराच. मला वाटलं, आज घामाला उशीर होतोय.

चौकशीत आदित्यसाहेबांनीच विचारलं, फहादनं झाकलं नाही ना वेळेवर? मी म्हटलं, झाकायला उशीर झाला. खोटं बोललो नाही आणि खरंही नाही. फहादनं माझ्याकडे पाहिलं. आपल्या लोकांत जसा पोरगा काकाला चारचौघांत उलटून बोलत नाही, तसा तो बोलला नाही. मला अम्मी म्हणत होता ना.

ऑफिसात मालक होते, आदित्यसाहेब होते. मी उभ्यानंच सांगितलं. अरबीत सांगितलं, म्हणजे मधे कुणाला शब्द मऊ करता येऊ नयेत. "फहाद बरोबर होता. झाकू दे म्हणत होता. मी थांबवलं."

आदित्यसाहेब मराठीत म्हणाले, हळू आवाजात, काका, रिपोर्टवर तुमची सही आहे, आता हे कशाला काढलंत. चेहरा पडला होता त्यांचा. कागद यार्डात पाठवायचा त्यांच्याकडूनही राहिला होता. मी ते बोललो नाही, पण त्यांना ऐकू आलं असावं.

निकाल असा. नुकसानीची नवी चौकशी होणार. ती होईस्तोवर मला खुरूज नाही, म्हणजे देश सोडायचा शिक्का नाही. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. इकामा संपत आलेला. यार्डात पाय ठेवायचा नाही. आणि दोन वर्षांचा विषय अर्थातच खलास.

फहादला परत बोलावणं पाठवलं. तो आला नाही. मी फोन केला, उचलला नाही. मग त्याच्या घरी गेलो, असर आणि मगरिबच्या नमाजांच्या मधल्या वेळात, दिवस कलताना. वडील दारात आले. भले गृहस्थ आहेत, आत बसा म्हणाले, मी बसलो नाही. म्हणाले, मुलगा दम्मामला मामाच्या दुकानात गेला, गाड्यांचे सुटे भाग विकतो आता. मी सांगितलं, चूक माझी होती. ते म्हणाले, मी त्याला आधीच सांगितलं होतं की हे काम आपलं नाही, आणि मला आनंद झाला होता की तो माझं ऐकत नाही. एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

तेव्हा आता तुला कळलं. मी खरं बोललो, पण दीड महिना उशिरा. काँक्रीट तेवढं थांबत नाही.

खैरुन्निसाला सांग, खुर्ची रिकामीच राहील काही दिवस. कुणी बसलं तर बसू दे.

उस्मान


पांगारी
२४ ऑगस्ट २०१३

उस्मान,

ईद झाली. तुमच्याकडून शीरखुर्म्याचं भांडं आलं, वहिनींनी स्वतः आणून दिलं. तुझं पत्र आता त्यांनाच वाचायला देतो, लपवण्यासारखं तू काही ठेवलं नाहीस. त्यांनी एकदाच वाचलं. मग उठून गेल्या आणि खुर्चीवरची धूळ पुसून आल्या. मी अर्थ लावत नाही, तू लाव.

तुझं पत्र आल्यापासून तात्यांचं डोक्यात होतं. पाऊस उघडला तेव्हा काठी घेऊन शाळेत गेलो. तो स्लॅब अजून उभा आहे, एका कोपऱ्यात लोखंड दिसतं तेवढंच. पोरं काहीतरी म्हणत होती, तोंडं हलताना दिसत होती. मला शून्य. मी भिंतीला तळवा लावून उभा राहिलो. थोडं हुळहुळलं हाताला. मास्तर पोरगा आहे, तो बाहेर आला, माझ्या कानाशी ओरडला, आजोबा, चक्कर येतेय का? मी म्हटलं, भिंत तपासतोय.

खुरूजचं काय झालं ते लिही. इकडे टीव्हीवर दाखवतात, हजारो माणसं परत येतायत, रांगा लागल्यात. तुझा चेहरा शोधत बसतो. आवाज येत नसल्यानं मला सगळे एकसारखे दिसतात.

एक सांगू? तुला त्या दिवशी घाम दिसला नाही म्हणून तू वाट बघितलीस. आता तो पोरगा दिसत नाही म्हणून तू सगळं संपलं म्हणतोस. दिसत नाही त्यावरून काही ठरवायचं नाही, एवढं तरी शीक साठीत.

बाळकृष्ण


अल खर्ज
२१ सप्टेंबर २०१३

प्रिय बाळ्या,

फजर झाली आहे. खोलीच्या खिडकीत बसून लिहितो आहे. कॅम्पातली बाकीची माणसं कामावर गेली. समोरच्या भिंतीपलीकडे यार्ड आहे. मिक्सर फिरतो आहे, त्याचा आवाज मला इथून कळतो, किती भरलाय तेसुद्धा. आज हफ्र अल बातिनच्या शाळेचे स्लॅब पुन्हा ओततायत, त्याच लबननं. काल आदित्यसाहेब येऊन गेले. बसले थोडा वेळ, खजूर खाल्ले. त्यांनी चौकशीत लिहून दिलं म्हणे की कागद यार्डात पोचला नव्हता, ती त्यांची जबाबदारी. आता त्यांचीही खुर्ची हलते आहे. मी म्हटलं, साहेब, कशाला. ते म्हणाले, काका, तुम्ही उभ्यानं सांगितलंत, मी बसून लिहिलं, एवढाच फरक. पुणेकर असला तरी बरा माणूस आहे, तुला कळवतो.

खुरूजचं मात्र अजून नाही. इकामा संपून तीन आठवडे झाले. बाहेर पडलो आणि कुणी विचारलं तर दाखवायला काही नाही, म्हणून भिंतीच्या आत असतो. कपडे धुतो, वाळत घालतो. परवा शाळेची सगळी पुस्तकं आठवायला बसलो, पहिलीपासून. तिसरीतलं मुखपृष्ठ आठवलं, चौथीतलं नाही. तू भिंतीला हात लावलास, ते वाक्य मी बरेचदा वाचलं. मला तसा हात लावायला इथे काही नाही रे. मी केलेले सगळे स्लॅब दुसऱ्यांच्या डोक्यावर आहेत, वाळवंटात कुठे कुठे.

मिक्सर थांबला. म्हणजे ओतायला लागले. वारा सुटला आहे, दोरीवरचा माझा सदरा आडवा झालाय. यार्डात आता सगळे नवे, त्यांना औषध माहीत नाही आणि वाराही माहीत नाही. कोण झाकणार? कालच आदित्यसाहेबांना विचारणार होतो, पण मला विचारायचा हक्क कुठला. खिडकीतून भिंत दिसते फक्त. माझे हात बघ, आपोआप पुढे येतायत.

दारावर थाप पडते आहे. कॅम्पचा चौकीदार असणार, इकामा संपलेल्यांची नावं घ्यायला येणार होता. उघडून येतो.

बाळ्या, फहाद आला आहे.

दारातच उभा आहे. दम्मामहून रात्रीच निघाला असावा, डोळे लाल आहेत. खांद्यावर ओलं गोणपाट टाकलंय, त्याचं पाणी उंबऱ्यावर गळतंय आणि माझ्या चपलांपर्यंत आलंय. मी आत ये म्हटलं, आला नाही. चहा म्हटलं, नको म्हणाला. अम्मी म्हणाला नाही. हसलाही नाही. मी काही बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

"ते नंतर," म्हणाला. "दुसरं टोक धरायला माणूस नाही. आणि आज मी म्हणेन तेव्हा झाकायचं."

यार्डात पाय ठेवायला मला बंदी आहे, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांनी काल मला फोन केला, मालकाला मी सांगून आलोय, यल्ला, चला.

चप्पल घालतो. हे पत्र असंच टेबलावर राहू दे. वारा फिरलाय.